फरशीतली बिळं

माण तालुक्यातल्या धनाजी खरातानं तासगावात निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या नव्या घरात जैसलमेरची पिवळी फरशी बसवली होती. वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. पॉलिशचं पाणी मारलं आणि फरशीवर करंगळीएवढ्या जाड, वाकड्यातिकड्या तांबूस नळ्या उमटल्या.

लालासाहेब पहार घेऊनच आले. "दगडाला कीड लागलीय. समदी फरशी उपटतो."

किडका दगड बसवणारा असं एकदा नाव झालं, की तासगावात धनाजीला कोण बोलावणार? तो पहारीपुढं जाऊन उभा राहिला. "थांबा सुभेदार. आधी ह्यो उरलेला तुकडा फोडा. भुसा निघाला, तर मीच उपटतो."

लालासाहेबांनी घाव घातला. तुकडा नेमका नळीवरच दुभंगला. धनाजीनं तो उचलून दाखवला. आत ना पोकळी, ना भुसा. नळीतही दगडच होता.

"जैसलमेरच्या खाणीत दोन वर्सं व्हतो मी. तिथल्या एका साहेबानं दावलं व्हतं," तो म्हणाला. "लई जुन्या काळी तिथं समुद्र व्हता. किडं तळाच्या चिखलात बिळं करायचं. चिखलाचा दगड झाला, बुजलेल्या बिळांचाबी दगड झाला. किडं जाऊन कोट्यवधी वर्सं झाली."

लालासाहेबांनी पहार भिंतीला टेकवली, उकिडवे बसले आणि एका नळीवरून बोट फिरवलं.

"बाकीची ऱ्हाऊ दे. देवघरात मातर साधी फरशी घाल," शेवटी ते म्हणाले.

धनाजीनं त्याच दुपारी देवघरातल्या चार फरश्या बदलल्या.