शेऱ्याचा रिकामा रकाना

पाकीट कितीही महत्त्वाचं असो, सुधाताई कर्णिक ते आधी रजिस्टरमध्ये चढवत आणि मगच उघडत. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या स्टीलच्या कारखान्यात त्या कागदपत्रं सांभाळत. मी ॲडमिन मॅनेजर. अमिरातीत घरी पोस्टमन येत नाही, त्यामुळे सगळ्यांचं खासगी टपालही कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येई. जनरल मॅनेजरने घाई केली तरी बाई हलत नसत. "हबीबी, आधी एंट्री, मग यल्ला!" यल्ला म्हणजे तिथल्या अरबीत 'चला'.

पीटर आमचा वेल्डिंग इन्स्पेक्टर, साठीचा इंग्रज. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात पायदळात शिपाई होते. युद्ध संपायच्या कितीतरी आधी ते एकटेच घरी परतले. अंगावर जखम नाही, तोंडात शब्द नाही. पळून आला, असं गावाने ठरवून टाकलं. पीटर दहा वर्षांचा असताना ते गेले, न बोलताच. आई आता नव्वदीला टेकलेली. ती असेपर्यंत पीटरला खरं काय ते हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत हे ऐकून सुधाताईंनी डबा बाजूला सारला. मला म्हणाल्या, "आर्मी म्हणजे तरी काय हो, मोठं ऑफिसच. माणूस पळेल, फाइल कुठे पळते?" वडिलांच्या नोंदींसाठी पीटरने लष्कराच्या अभिलेखागाराकडे आधी केलेला अर्ज अपुरा म्हणून परत आला होता. बाईंनी वडिलांच्या ओळखपट्टीवरचा नंबर मागवला, मृत्यूचा दाखला जोडला, आईची सही आणवली आणि अर्ज नव्याने धाडला. काही वाईट निघालं तर ते थेट आईच्या हाती पडू नये, म्हणून उत्तराचा पत्ता पीटरने कंपनीचाच दिला.

मग २००८ ची मंदी आली. ऑर्डरी थांबल्या. कपातीच्या पहिल्याच यादीत पीटर होता. तो इंग्लंडला परतला. गेलेल्यांचं टपाल परत पाठवा, असा हेड ऑफिसचा आदेश आला. काही महिन्यांनी त्याच्या नावाचं जाड पाकीट आलं. त्याचा घरचा पत्ता माझ्या फायलीत होता. दोन मिनिटांचं काम. पण दुसरी यादी बनत होती, आणि कुणाच्या डोळ्यांवर यायची माझी तयारी नव्हती. मी पाकीट परत धाडलं. आठवड्याने पीटरचा फोन आला.

"नथिंग केम, पीटर," मी म्हणालो.

सुधाताईंनी मान वर केली. रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"दातेसाहेब, हे काय?"

"हेड ऑफिसची ऑर्डर आहे, ताई."

"परत पाठवायची. खोटं बोलायची पण आहे का?"

"माझी मुलगी बारावीला आहे हो."

"माझी पण आहे की! म्हणून त्या म्हातारीने तसंच मरायचं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी पीटरला फोन केला. पाकीट ऑफिसातून चुकून परत गेलं, एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. अभिलेखागाराला त्याच्या घरच्या पत्त्याचं पत्र त्यांनीच धाडलं.

दुसऱ्या यादीत सुधाताई होत्या. मी नव्हतो. शेवटच्या दिवशी ते भरलेलं रजिस्टर त्यांनी मला दिलं. "इथे कुठेतरी धूळ खात पडेल. तुम्ही ठेवा." त्या पाकिटाच्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा मी नाही भरणार. तुमचा आहे."

पुढे पीटरचं पत्र आलं. वडिलांच्या तुकडीवर तोफांचा मारा झाला होता. त्यात त्यांचं मन खचलं. इस्पितळात बरेच महिने उपचार झाले आणि लष्करानेच त्यांना रीतसर घरी पाठवलं. शेऱ्यात लिहिलं होतं : वर्तणूक उत्कृष्ट. आईने ते पान तीनदा वाचून घेतलं, फ्रेम केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं दारासमोर लावलं. खाली पीटरने लिहिलं होतं, "तुम्हा दोघांचे आभार."

ते "दोघांचे" मी इतकी वर्षं गप्प बसून घेतलं.

सुधाताई गेल्या वर्षी ठाण्याला वारल्या. आज रजिस्टर काढलं आणि त्या रकान्यात लिहिलं : पाकीट मी परत पाठवलं. विचारल्यावर खोटं बोललो. ते पोचलं सुधा कर्णिक यांच्यामुळे.

खाली सही केली. आता पीटरला पत्र लिहायला बसतो. आधी एंट्री, मग यल्ला.