गोठ्यातला दिवा

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी गिरणी सुरू झाली, की घराघरांतले दिवे मिणमिणायला लागतात. मी नोकरीत पॉवर सप्लाय डिझाइन करतो, म्हणजे दिवसभर एका इवल्याशा चिपभोवती सर्किट मांडत बसतो. लाइनीतलं व्होल्टेज कितीही पडलं, तरी ही चिप दिव्याला हवी तेवढी वीज देतेच. तसं एक सर्किट मी घरी बनवलं आणि दिवा लावला गोठ्यात. सगळं गाव अंधुक झालेलं असताना आमची म्हैस लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी उजळून निघायची.

एका संध्याकाळी शेजारची काकू कमरेवर हात ठेवून गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"तुझा दिवा आमचा उजेड ओढतो रे."

मला हसू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं शिकलो ते काय उगाच? मी तिला तिथंच समजावायला लागलो. "तसं नसतं काकू. व्होल्टेज पडलं, की माझी चिप लाइनीतून जास्त करंट घेते, म्हणून तर हा उजेड..."

काकूने मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे ओढतोच ना?"

"ओढतो," मी म्हणालो, "पण अगदी जरासा."

काकूने म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मलापन असाच एक बनवून दे. गिरणीवाला आपलं ओढतो, आपन त्याचं ओढू."