उर्मिलाचा पाण्याचा हात

उर्मिला साठे खायच्या ठिकाणी गेली की मेन्यू नंतर वाचते, आधी वास घेते. आयर्लंडमध्ये सिटीवेस्टच्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर तपासते आहे. दुसऱ्याच्या कामात चूक कुठे असेल ते शोधायचं आणि सापडली की चारचौघांत शांतपणे सांगायचं, हा तिचा पेशा. ल्यूकनच्या घरीही ती हेच करते, फक्त तिथे पगार मिळत नाही, असं तिचा नवरा गुरुनाथ म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी तिला मक्याचं वेड लागलं. आफ्रिकन दुकानातून पांढरा वाळका मका आणायचा, आपल्या भारतीय दुकानातून पानाचा चुना. चुन्याच्या पाण्यात मका उकळून तसाच भिजत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी साली चोळून काढायच्या आणि इडलीच्या ग्राइंडरवर वाटायचा. त्या पिठाच्या तोर्तिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, ती हातावर थापायची. त्यात राजमा आणि भाजलेल्या मिरच्यांची चटणी घालून दुमडलं की टाको. मराठी मंडळाच्या दिवाळीत लोक फराळाचं टेबल सोडून तिच्या टाकोंच्या रांगेत उभे राहिले. फराळ केलेल्या बायका त्यानंतर महिनाभर तिच्याशी जपूनच बोलत होत्या.

ही बातमी डेअड्राच्या कानावर गेली. डेअड्रा शेजारच्या गल्लीत राहते आणि शाळेच्या आवारात दर शनिवारी भरणारा बाजार चालवते. ती घरी आली, चार टाको उभ्याउभ्याच खाल्ले आणि म्हणाली, "तुला एक जागा देते. भारतीय खाणं आमच्याकडे आहे, ते मला परत नको. मेक्सिकन कोणी नाही. पुढच्या शुक्रवारी बाराच्या आत सांग, नाहीतर वॉफलवाला रांगेत उभा आहेच."

उर्मिलाला हो म्हणायचं होतं. ऑफिसात इतकी वर्षं ती दुसऱ्यांचं काम तपासत आली होती. स्वतः करून लोकांसमोर ठेवावं असं हे पहिलंच काही तिच्या हाती आलं होतं. अडचण एकच होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. मेक्सिकन बाईच्या हातची तोर्तिया तिने जन्मात खाल्ली नव्हती. सगळी विद्या व्हिडिओ पाहून आलेली. मूळ वस्तू कशी आहे ते न पाहता 'पास' लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं.

नेमकी शाळेच्या सत्रामधली सुट्टी आली आणि ती, गुरुनाथ आणि मुलगी अशी तिघं आठवड्यासाठी स्पेनमध्ये मलागाला गेली. अर्धं विमान आयरिश, सगळे ऊन शेकायला निघालेले. उर्मिलाच्या फोनमध्ये मात्र यादी होती. स्पेनमध्ये मेक्सिकोची माणसं असणार, भाषा एकच, तेव्हा एखादी तरी आजी तवा मांडून बसलेली असेलच, असा तिचा हिशेब.

पहिल्याच हॉटेलात तिने दोन नुसत्या तोर्तिया आणि मीठ मागवलं. ज्वारीची भाकरी कशी आहे हे बघायचं तर आपण ती नुसती मिठाशी खाऊन बघतो. कालवणाशी काहीही गोड लागतं. वेटरने दोनदा विचारून खात्री करून घेतली. शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या स्वरांगीने टोपी नाकापर्यंत ओढली. "आई, प्लीज. आय अ‍ॅम मॉर्टिफाइड."

"तू हो मॉर्टिफाइड. फक्त त्याला स्पॅनिशमध्ये विचार, या कशाच्या केल्यात."

गव्हाच्या होत्या, पाकिटातल्या. दुसऱ्या ठिकाणी मक्याच्या होत्या, पण त्याही पाकिटातल्या. तिसऱ्या ठिकाणी दारावर भलीमोठी टोपी रंगवलेली पाहून ती आत शिरलीच नाही. सोमवार संध्याकाळपर्यंत पाच ठिकाणं झाली.

"लोक इथे समुद्र बघतात," गुरुनाथ म्हणाला. "मी वेटरांचे चेहरे बघतोय."

"उद्या तू समुद्रावर जा. मला फक्त मुलगी दे."

मंगळवारी उर्मिलाने हॉटेलांची यादी पुसून टाकली. पुण्यात चांगली भाजणी कोण करतं हे हवं असेल तर हॉटेलात विचारत नाहीत, गिरणीत विचारतात. ती स्वरांगीला घेऊन मोठ्या मंडईत गेली, धान्याचा गाळा शोधला आणि तिच्याकरवी विचारून घेतलं: पांढरा वाळका मका पोत्याने कोण नेतं? गाळेवाल्याने हात झटकून मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. मेक्सिकोची ओफेलिया नेते. सकाळी आठ ते दुपारी दोन.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला, ओल्या चुन्याचा आणि भाजलेल्या मक्याचा. उर्मिलाची चाल आपोआप वाढली. दुकान म्हणजे एक ओटा, एक भला मोठा तवा, चार स्टुलं. साठीची एक ठेंगणी बाई पीठ थापत होती. उर्मिलाने एक तोर्तिया मिठाशी मागितली. या बाईने काहीही न विचारता ती पुढे केली.

उर्मिलाने खाल्ली. मग दुसरी मागितली, दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. कुठे चीर नाही. पातळ, मऊ, आणि मागून येणारी मक्याची गोडी. तिच्या स्वतःच्या तोर्तिया घासाला जाडसर लागायच्या, हे तिला त्या क्षणी कळलं.

"विचार, मी एक करून बघू का?"

स्वरांगीने विचारलं. ओफेलियाने गोळा दिला. उर्मिलाने बाह्या वर सारल्या आणि थापायला घेतलं. आईने शिकवलेली थाप. कडा अंगठ्याने आवरत गोळा गोल फिरायला लागला. स्टुलावरची दोन माणसं खाणं थांबवून बघायला लागली. तव्यावर टाकली आणि सवयीने पाण्यात बोटं बुडवून वरून पाण्याचा हात फिरवला.

ओफेलिया ओरडलीच. स्वरांगी खुदकन हसली. "ती विचारतेय, तू तिला आंघोळ का घालतेस?"

तोर्तिया टम्म फुगली. दिसायला सुरेखच झाली. ओफेलियाने ती उचलून दुमडली, आणि ती मधोमध चिरली. मग ओफेलिया स्वरांगीशी बरंच बोलली.

"हात छान आहे म्हणते. पण हे टाकोचं नाही. हे तुझंच काहीतरी आहे."

उर्मिलाला ते लागलं. डेअड्राला भारतीय नको होतं, आणि उर्मिला तीन वर्षं मक्याची भाकरी थापून तिला टाको म्हणत होती. मंडळात कोणाला कळलं नाही, कारण भाकरीच सगळ्यांच्या ओळखीची.

"विचार तिला, उद्या आठला येऊ का. पैसे नकोत, भांडी घासेन."

बुधवारी तिने चाळीस केल्या. त्यातल्या पस्तिसांना तरी पाण्याचा हात लागला. डोकं नको म्हणायचं आणि बोटं वाटीकडे जायची. शेवटी ओफेलियाने वाटी उचलून मागच्या फळीवर ठेवली, तर उर्मिला नळाकडे वळली. गुरुवारी ओफेलियाने तिचा उजवा हात सरळ मनगटापाशी धरून ठेवला. पिठात किती पाणी हवं ते मळतानाच ठरवायचं, नंतर उसनं द्यायचं नाही, हे त्या दिवशी तिच्या बोटांना पटलं. संध्याकाळी गुरुनाथने तिचे भाजलेले अंगठे पाहिले आणि नेहमीची थट्टा केली नाही. केमिस्टकडून मलम आणलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला रंगाने माखलेल्या कपड्यांतला एक माणूस आला. रोजचं गिऱ्हाईक. ओफेलियाने त्याच्यासाठी उर्मिलाच्या हातच्या तीन तोर्तिया उचलल्या, मांस भरलं आणि काही न सांगता ताटली पुढे सरकवली. उर्मिलाने त्याच्याकडे पाठ केली. बघवेना.

तो फोनवर कोणाशी तरी भांडत खात होता. तिन्ही संपल्या. बोटं चाटत त्याने आणखी दोन मागितल्या आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

"आई," स्वरांगी कुजबुजली, "ही डिडन्ट इव्हन नोटिस."

"हो ना," उर्मिला म्हणाली. एकोणीस वर्षांत तिने याहून चांगला निकाल पाहिला नव्हता.

तिने हात पुसले आणि डेअड्राला लिहिलं: येते. दिवसाला साठ टाको, त्याहून जास्त नाही, सगळे माझ्या हातचे. आणि माझ्या घरी खाल्लेस ते टाको नव्हते, हे आता मला कळलंय. हे वेगळे लागतील.

दोन मिनिटांत उत्तर आलं: ग्रँड. पण मला तर तेच आवडले होते.

उर्मिलाने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "ते खायला घरी ये, करून घालेन. शनिवारी हे." फोन पिशवीत टाकला आणि पुढचा गोळा घेतला. ओट्यापाशी आता सहा माणसं उभी होती.