शेवटी ठेवलेला नारळ

ती पिशवी मीच काढून ठेवली होती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकून लोक देवाला हात जोडतात आणि माझी पाठ थोपटतात. दोन वर्षं मी ती थोपटून घेतली.

माझी मोठी बहीण दौंडला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. दाजींना घेऊन नेपाळातल्या मुक्तिनाथाला जायचं तिचं ठरलं होतं, पण दाजी त्याआधीच वारले. मग एका दिवाळीला तिनं मला विचारलं, "बापू, तू नेशील का रं?" मी मांडवगण फराट्याचा. थोडी शेती, आणि रांजणगावला कंपनीत शिफ्टची नोकरी. रजा मिळण्यासारखी होती. मी हो म्हणालो.

परक्या देशात जायचं म्हणून आक्कानं महिनाभर आधीच एक कापडी पिशवी भरायला घेतली. बँडेजच्या पट्ट्या, मलम, गुडघ्याचा पट्टा, प्रवासाच्या विम्याचा कागद, आणि एका फायलीत तिच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या झेरॉक्ससकट. तिचे ठोके मागंपुढं पडायचे, त्यासाठी गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्या सुनेनं सात खणांच्या डबीत सुट्या करून दिल्या होत्या. नाव लिहिलेली पाकिटं मात्र त्या पिशवीतच.

"दवाखानाच घेऊन निघालीस की," मी हसलो.

"हसू नगं. तिकडं पडले-बिडले तर डॉक्टरला काय सांगशील? ही माझी आक्का हाय, येवढंच?"

आमच्याकडं कुणी लांबच्या देवाला निघालं की आळीतली माणसं नारळ आणून देतात, आमच्या नावानं वाढवा म्हणतात. एरवी चार-पाच येतात. त्या वर्षी मीच घरोघरी जाऊन सांगून आलो. पुढं गावच्या विकास सोसायटीची निवडणूक होती आणि मला उभं राहायचं होतं. बावीस नारळ जमले. प्रत्येकावर मी मार्करनं घराचं नाव लिहिलं. देवाच्या दारात एकेकाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा, असा माझा बेत होता. ही माझी भक्ती.

दौंडहून रेल्वे होती, म्हणून आदल्या दिवशी आक्काकडं मुक्कामाला गेलो. यात्रेवाल्यांनी माणशी एकच बॅग सांगितली होती, पुढं डोंगरात जीपनं जायचं असल्यामुळं. नारळ बसेनात. आक्का शेजारी निरोप घ्यायला गेली होती. मी बॅगेत ठेवलेली तिची पिशवी उचलली आणि फडताळात वर, गोधड्यांच्या मागं सरकवली. देवाला चाललोय, देव बघून घेईल, असं मनात म्हणालोसुद्धा. नारळ एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. कागद कमी पडला, तेव्हा फायलीतल्या तीन-चार झेरॉक्स ओढून घेतल्या. झेरॉक्सच तर आहेत. आक्कानं स्वतःचा नारळ दिला होता, दाजींच्या नावाचा. तो त्यातल्याच एका कागदात गेला.

मुक्तिनाथाला पोचलो तेव्हा हवा लख्ख होती आणि गारठा हाडात शिरत होता. देवळामागं दगडी तोट्यांतून पाणी पडतं, तिथली फरशी कायम ओली. दर्शन झालं. गटातली बाकीची माणसं खाली जीपकडं गेली. मी एका कडेला नारळ मांडून बसलो. कागद सोडायचा, नाव दिसेल असा नारळ धरायचा, फोटो, मग वाढवायचा. कागद कचऱ्याच्या डब्यात.

"बापू, पाय गारठलं. चल की आता."

"थांब गं जरा, तिथंच उभी ऱ्हा. तीनच ऱ्हायल्यात."

त्या तिनांत तिचा होता. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. दौंडच्या माणसाला आमच्या सोसायटीत मत नसतं.

पाठीमागं धप्प आवाज झाला. आक्का उजव्या हातावर पडली होती आणि कपाळाच्या वर, केसांत, खोक पडली होती. रक्त येतच राहिलं. मी उपरणं दाबून धरलं, ते भिजलं. पट्ट्या दौंडला गोधड्यांमागं होत्या. "दाबून धर, आक्का, दाबून धर," एवढंच मी ओरडत होतो.

तेवढ्यात लोकरीच्या टोप्या विकणारा एक चाळिशीचा माणूस टोपली टाकून धावत आला आणि मराठीत म्हणाला, "दादा, हात काढू नका. बघायला सारखं सारखं उचलू नका. जोर लावून ठेवा." मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "मी सणसवाडीला होतो ना, सात साल. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये," तो म्हणाला. सणसवाडी म्हणजे आमच्या रांजणगावच्याच रस्त्यावर. त्यानं आक्काचा हात टोपीच्या पुठ्ठ्यावर ठेवून तिच्याच स्कार्फनं गळ्यात बांधला, तिला पाठीवर घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागला. जाताना तिला बोलतं ठेवण्यासाठी त्यानं गाव विचारून घेतलं आणि म्हणत होता, "आई, झोपायचं नाही हां. तुमच्या दौंडच्या स्टेशनवर मी पूर्ण रात्र डास मारत बसलोय, तुम्ही दहा मिनिट बसा." आक्का त्या अवस्थेतही हसली. मी मागून नारळांची बॅग घेऊन चाललो होतो.

खालच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, "खून पतला करने की दवा तो नहीं लेतीं?" आक्का ग्लानीत होती. मी डबी पुढं केली. सुट्या गोळ्या, पांढऱ्या आणि गुलाबी. "बीपी की होगी," मी म्हणालो. इतकी वर्षं ती गोळ्या घेते आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, कसल्या.

टोपीवाल्यानं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "घरी विचारा ना. याच्यावरून इंडियाला लागतो."

आता जे लिहितो ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी फोन घेऊन बाहेर गेलो. भाचेसुनेचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये समोर दिसत होता. लावला असता तर तिचं पहिलं वाक्य आलं असतं, मामा, फाईल बघा ना, पिशवीत आहे. मी भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, "लागत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी दुखणं थांबायची सुई भरायला घेतली. मी खाली मान घालून बसलो आणि मनात मुक्तिनाथाला म्हणालो, माझ्याच्यानं खरं बोलवत नाही, तूच काय ते कर. त्या घटकेपर्यंत मी देवाला नुसती कामं सांगत आलो होतो. हात टेकले ते तिथं पहिल्यांदा.

माझी बॅग खालून भिजली होती. टोपीवाला राहिलेले नारळ बाहेर काढून शेगडीजवळ मांडत होता, ओले कागद सोडवत होता. एक कागद त्यानं उजेडाकडं धरला. "दादा, हे दौंडच्या हार्टवाल्या डॉक्टरचं आहे. आईचं नाव आहे वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि भरलेली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. आक्काची एक गोळी रक्त पातळ करणारीच होती. ती सुई दिली असती तर रक्त आवरणं अवघड झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मग दुसरं औषध दिलं, घट्ट पट्टी बांधली आणि डोकं तपासायला लगेच खाली मोठ्या शहरात पाठवलं. डोक्यात आत रक्त साकळलेलं नव्हतं. हाताला प्लास्टर झालं.

फायलीतून ओढलेले बाकीचे कागद मी वरच टाकून आलो होतो. आक्काचा नारळ मतासाठी मागं ठेवला, म्हणून त्याचा कागद उरला. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. जीप निघताना त्या माणसानं तो नारळ आक्काच्या ओटीत ठेवला. "आई, तुमचं राहिलं हे." त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

गावात देवळापुढं माझा सत्कार झाला. परमुलखात बहिणीचा कागद जवळ ठेवणारा भाऊ, असं लोक बोलले. मी शाल घेतली. निवडूनही आलो.

आक्काचा हात मनगटात वाकडा जोडला गेला. तिला भाकरी थापता येत नाही. गेल्या महिन्यात दौंडला गेलो, तर सून भाकरी करत होती आणि आक्का परातीजवळ नुसती बसून, पीठ किती मळायचं ते सांगत होती. जेवण झाल्यावर सून आत गेली. देव्हाऱ्यात तो नारळ अजून होता. आक्कानं तो डाव्या हातानं कानाशी हलवला. "सुकलाय. आत खोबरं वाजतंय बघ."

"आक्का, ती पिशवी..."

"परत आल्यावर फडताळात गोधड्यांमागं घावली. तू काढलीस हे रेल्वेतच कळलं मला, उशाला घ्यायला गेले तवा."

"मग बोलली का न्हाईस?"

"निघालो हुतो देवाला. तुझं तोंड कशाला उतरवू?"

दोन वर्षं मी जे लपवत होतो ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं सगळं माफ केलं आहे असं समजून मी तिथं गप्प बसू शकलो असतो. मन तसं वळलंही होतं. पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती, आणि ती देवाच्या पायाशी ठेवून भागणार नव्हतं. ती तिच्यापुढंच ठेवायची होती. तो वाकडा हात मी दोन्ही हातांत घेतला.

"आक्का, दवाखान्यात त्यानं मला फोन दिला हुता. मी लागत न्हाई म्हणालो. मी लावलाच न्हवता. पिशवी मीच काढली हे कळंल म्हणून, तुझ्या जिवावर बेतलेलं दिसत असून मी लावला न्हाई. माझं चुकलं, आक्का. मला माफ कर."