उन्हातून आलेलं रोशाचं तेल

बी.एस्सी. झाल्यावर मला आर्वीला तेल तपासायच्या एका खोलीत नोकरी लागली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. रानातल्या रोशा गवताचं सुगंधी तेल तिथे यायचं आणि मी त्याची घनता काढायचो. काचेची लहानशी बाटली पाण्याने भरून तोलायची, मग तीच तेलाने भरून तोलायची. घनता कमी आली की तेलात रॉकेल आहे असं धरत आणि व्यापारी डबा परत करी.

एका चैत्रात कारंज्याकडचा एक गोंड गृहस्थ भर दुपारी बैलबंडीतून डबा घेऊन आला. नवरा-बायकोने हंगामभर भट्टीपाशी बसून काढलेलं तेल होतं ते. घनता कमी आली.

"रॉकेल किती टाकलं रे?" व्यापाऱ्याने हसत विचारलं.

"थेंबबी नाई जी. पोरीची आन."

मी डब्याला हात लावला. पत्रा पोळत होता. आणि तोललेलं पाणी माठातलं, गारेगार. खोलीत पाणी म्हणजे माठातलंच, ही तिथली जुनी रीत.

मी माठ परातीत उपडा केला आणि तेलाची बाटली गळ्यापर्यंत त्या पाण्यात ठेवली.

"साहेबानं प्याचं पाणी संपवलं," व्यापारी त्या गृहस्थाला म्हणाला, "आता तुह्यं तेलच पाजजो आमाले."

बाटलीतलं तेल हळूहळू खाली गेलं. तेवढं वरून भरलं, बाटली पुसली, तोलली. घनता बरोबर आली. व्यापाऱ्याने पुन्हा तोलायला लावली. तीच आली. त्याने डबा आत घेतला.

गृहस्थ मात्र हलेना. "तेल तर तेच हाय जी. मंग पयले काऊन खोटं ठरलं?"

देवळीच्या शाळेत आमच्या गुरुजींनी हा धडा फळ्यावर न शिकवता सगळ्या वर्गाला लोहाराकडे नेलं होतं. तेच मी त्याला सांगितलं. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव तापली की फुगते, म्हणून चाकावर चढते. तेलही तसंच फुगतं, मग बाटलीत कमी मावतं.

"हे कोनं शिकवलं तुमाले?"

"आमच्या गुरुजींनी."

त्याने मान हलवली आणि बैल जुंपले.

पुढच्या वर्षी तो उजाडता उजाडता आला. डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. "थंड आनलं जी." आता तेल आणि पाणी दोन्ही एकाच परातीत ठेवतो, पोत्याची गरज नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षीही पोतं ओलंच होतं.