फ्रीच हाय की

तुम्ही तिकडून मेसेज पाठवता, ‘आजी, फ्री आहेस का?’ आणि मी लगेच ‘हो’ लिहिते. या शब्दाचा अर्थ मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवला: ज्याच्या हाती काम नाही, तो फ्री. लासुर्ण्यात राहायला आल्यावर माझ्या शेजारणीने तो मला वापरून दाखवला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. डावा डोळाही धूसरच. तुम्ही व्हिडिओ कॉलवर यायचात तेव्हा कोण बोलतंय ते मी आवाजावरून ओळखायची. चेहऱ्यांच्या जागी नुसते दुधाळ डाग. तारीख आधीच एकदा पुढे गेली होती. बारामतीच्या दवाखान्यात सोबत माणूस असल्याशिवाय घेत नव्हते, आणि नेमकी ऑपरेशनच्याच सकाळी माझ्याबरोबर येणारी भाची तापाने आडवी झाली. मी फोन ठेवला, तेव्हा शेजारीण कुंपणापाशी उभी होती.

“काय झालं, बाई?”

मी सांगितलं.

“एवढंच? मी येते की.”

“अगं, तुझी कामं?”

“कसली कामं? फ्रीच हाय मी. चला, एसटी चुकंल.”

भवानीनगरजवळ एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. तिचा फोन सारखा वाजत होता. तोंडावर पदर धरून ती हळूच म्हणायची, “बुडातनं घ्या म्हणावं... व्हय, बुडातनं.” मला वाटलं, परसातली मेथी काढायची चालली असेल.

ऑपरेशन नीट झालं. दिवसभर माझी पिशवी मांडीवर घेऊन ती दवाखान्यात बसून राहिली. संध्याकाळी हाताला धरून मला घरी आणलं. दुसऱ्या सकाळी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साबणाने हात धुऊन, तिनेच पट्टी काढली.

पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला. मग खिडकी. बाहेर तिच्या उसाची हिरवी भिंत असायची, तिथे उघडं रान होतं, आणि जमिनीवर वीत-वीत बुडखे राहिले होते. मी शेतकऱ्याघरची नाही, पण इथे राहून इतकं मलाही कळतं: गोडी बुडाशी असते. म्हणून तोडणीची टोळी आली की घरच्या माणसाने बांधावर उभं राहून ऊस जमिनीलगत तोडून घ्यायचा. आणि ती टोळी यायला किती वाट बघावी लागते!

“काल तुझी तोड होती?”

“व्हय. जाऊबाई व्हत्या की बांधावर. त्या फोनवर आन् टोळी उसात.” ती खदखदून हसली.

“मग फ्री कशी म्हणालीस?”

“तोड हाय म्हनलं असतं, तर तुमी मला नेलं असतं व्हय? परत तारीख पुढं. बुडखं काय, कोयत्यानं छाटीन मी.”

त्या संध्याकाळी तुम्ही कॉलवर आलात. धाकटीचा पुढचा दात पडलेला मला दिसला आणि मी रडायलाच लागले. डोळा दुखतोय का, असं तुम्ही विचारत राहिलात.

आता डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. काल मी तिच्या दारात गेले आणि बजावलं, “आधी तुझी कामं सांग. मगच मी तारीख घेणार.”

“कामं कुठली, बाई? फ्रीच हाय की.”

मला आता चांगलं दिसतं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कुरडयांच्या चिकाने माखले होते.