दोन्हीकडं आपलीच पोरं

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. तरी सकाळी फिरायला निघालं की मैदानाच्या पायऱ्यांवर आमच्या पेठेतली सात-आठ माणसं स्वेटर घालून बसलेली दिसतात. खाली आमच्या तालमीच्या संघाचा सराव चाललेला असतो. धुक्यात चेंडू दिसतच नाही. आधी बुटाचा ठप्प आवाज येतो, मग जरा वेळानं पळणारे पाय उमटतात.

संघाचेच दोन भाग करून मॅच लावतात. गोल कुठल्याही बाजूला होवो, पायऱ्यांवरचे सगळे टाळ्या वाजवतात. एरवी हीच माणसं एका गोलापायी शेजारच्या पेठेतल्या मेहुण्याशी आठवडाभर बोलत नाहीत. त्या धुक्यात बसलं की वाटतं, कुणीही जिंकलं तरी आपलंच, असे दिवस वर्षात एवढेच.

शामरावकाका सगळ्यांच्या आधी येतात. गेल्या वर्षी फायनल हरल्यावर ते दोन दिवस जेवले नव्हते. आज मी त्यांच्या शेजारी टेकलो आणि विचारलं, "काका, यंदा कसं काय?"

मैदानावरची नजर न हलवता ते म्हणाले, "यंदा अजून एकबी मॅच हरलेलो नाही बघ."